दूरच्या डोंगरापर्यंतची हवा

नांदेड,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. छकुलीस,


तुझं पत्र आणि त्यासोबतचं माहूरचं चित्र काल तुझ्या बाबांनी आणून दिलं. चित्र मी आधी खिडकीशी नेऊन पाहिलं, मग समोरच्या भिंतीला टेकवून स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, कारण निसर्गचित्र हातात धरून कळत नाही, त्याला दहा-बारा पावलांचं अंतर लागतं. रेणुकामातेच्या डोंगरावरून दिसणाऱ्या टेकड्यांची वळणं तू किती मायेनं टिपली आहेस गं, आणि पुढच्या सागाची ती रुंद, जराशी लोंबणारी पानं तर अगदी सागाचीच! तरी तू लिहितेस की मागच्या टेकड्या पुढं येऊन उभ्या राहतात, सगळं चित्र सपाट होतं, आणि लातूरला परतल्यावर तर डोंगरच नाहीत, तेव्हा सराव तरी कशावर करायचा. अभ्यासाच्या एवढ्या धबडग्यात, पहाटेपासून क्लासच्या वेळा सांभाळताना, तुला हा प्रश्न पडतो याचंच मला कौतुक वाटलं. म्हणून आज घाई न करता, दोन वेळा चहा घेऊन, सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या नजरेत काही उणं नाही. एवढंच झालंय की मागची टेकडी तू पुढच्या सागाच्याच गडद रंगानं, त्याच भरल्या ब्रशनं, आणि मला वाटतं आधीचा हात पुरता वाळायच्या आतच उरकलीस. टेकडी तू रंगवलीस, पण तू आणि टेकडी यांच्यामध्ये जे काही कोस पसरलेलं होतं, ते रंगवायचं राहिलं. ती मधली हवा. निसर्गचित्रात खोली येते ती तिच्यामुळं, आणि ती रंगवायला शिकणं म्हणजे बरंचसं थांबायला शिकणं, हे मी इतकी वर्षं शाळेत मुलांना सांगत आले.

हवा रिकामी नसते, लेकरा. तिच्यात बाष्प असतं, धूळ असते, चुलींचा आणि गुऱ्हाळांचा धूर असतो, आणि उजेड या सगळ्यातून वाट काढत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. हवेतल्या अगदी बारीक कणांवर निळा उजेड तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो, असं रॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७१ साली मांडलं (तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकात हे येईलच, तेव्हा आजीची आठवण काढ). आभाळ निळं दिसतं ते त्यामुळं, आणि दूरच्या गर्द डोंगरावर निळसर पडदा येतो तोही त्यामुळंच. पण चित्रकारांना हे त्याच्या कितीतरी आधीपासून डोळ्यांनी ठाऊक होतं. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की भिंतीपलीकडच्या इमारतींपैकी जी पाचपट दूर दाखवायची असेल ती पाचपट निळी कर. हिशेब काही असा पट्टीनं मोजता येत नाही, पण बघण्याची दिशा पक्की मिळते.

आता यात एक बारकावा आहे, तो तुझ्या चित्रात हवा होता. दूर जाताना सर्वांत आधी फिका पडतो तो काळोख. जवळच्या बाभळीच्या बुंध्यातली सावली जवळजवळ काळी असते. तीच बाभूळ दोन धुरे ओलांडून गेली की सावली करडी होते, आणि कोसभर गेली की झाडातला उजेड आणि झाडातली सावली यांत फरकच उरत नाही, एक फिकट निळा-जांभळा डाग तेवढा राहतो. पांढऱ्याचं मात्र उलटं आहे. दूरच्या देवळाचा चुना फिका होत नाही, तो जरा मळतो, पिवळसर होतो. म्हणून दूरचं सगळं निळ्यात पाणी मिसळून रंगवायचं, ही शाळेतली सोपी युक्ती अर्धीच खरी आहे. आणि आपल्या मराठवाड्यात तर चैत्र-वैशाखात ती पावही खरी नसते, कारण तेव्हा हवेत बाष्पापेक्षा फुफाटा जास्त. धुळीचे कण मोठे असतात, ते निळ्याची निवड करत नाहीत, सगळाच उजेड पसरवतात, त्यामुळं उन्हाळ्यात आपली दूरची शिवारं निळी न दिसता पांढुरकी, भुरकट दिसतात. कोकणातल्या किंवा विलायतेतल्या चित्राची निळाई आणून तू ती वैशाखातल्या औशावर घातलीस तर चित्र खोटं बोलेल. दिवाळीनंतर कोरडी, निवळ हवा असते तेव्हा दूरचं फसवं जवळ दिसतं, आणि श्रावणात पावसाची सर मध्ये आली की एका शेतापलीकडचं गाव पुसून जातं. तेव्हा आधी महिना बघायचा, मग रंग पिळायचा.

हे ताडून बघायचं असेल तर काळ्या कागदाला हरभऱ्याएवढं भोक पाड, हात लांब करून त्यातून एकच डोळा मिटून दूरचं झाड बघ, आणि मग तोच कागद जवळच्या झाडावर आण. मनाला माहीत असतं की झाड हिरवं, म्हणून मन आपल्याला फसवतं. भोकातून नुसता रंग दिसतो, आणि दूरचं झाड राखाडी असल्याचं बघून तू चकित होशील. ब्रश हातात न घेताही हा सराव होतो. क्लासला जाताना, बसच्या खिडकीतून, कुठंही.

आणि पहाटे ऊठ. हे मी आजी म्हणून सांगते असं तुला वाटेल, पण चित्रकलेच्या इतिहासात याला मोठा पुरावा आहे. सतराव्या शतकात रोमला क्लोद लोरँ नावाचा चित्रकार राहत होता. खोल, शांत, सोनेरी हवेच्या ज्या निसर्गचित्रांना पुढं अभिजात म्हणू लागले, त्यांचा तो मोठा आचार्य. त्याचा मित्र सांद्रार्त यानं लिहून ठेवलंय की क्लोद उजाडण्याआधीच रानात जाऊन बसायचा, पडून राहायचा, अंधार पडेपर्यंत आभाळ न्याहाळायचा, समोर दिसेल तसे रंग तिथंच कालवायचा आणि ते घेऊन घरी येऊन चित्राला लावायचा. काम काय, तर उजेड कसा येतो आणि कसा जातो एवढंच बघणं. त्याची चित्रं फोनवर बघ, पण मोठी करून, सावकाश बघ. एका बाजूला काळसर उंच झाड, त्याच्या पायाशी सावलीतली जमीन, मग एखादी नदी किंवा पूल, मग फिकी टेकडी, त्याहून फिकी दुसरी, आणि क्षितिजाजवळ कधी कधी प्रत्यक्ष सूर्यच. काळं झाड अशासाठी की त्याच्या शेजारी मागचं सगळं आपोआप उजेडात जातं. क्लोद हिशेबीही मोठा होता. आपल्या चित्रांच्या नकला बाजारात येऊ लागल्या तेव्हा त्यानं प्रत्येक चित्राचं रेखाटन एका वहीत करून ठेवायला सुरुवात केली. तशी जवळजवळ दोनशे रेखाटनं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढं टर्नर नावाचा थोर इंग्रज चित्रकार झाला. त्यानं तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की आपली दोन चित्रं क्लोदच्या चित्रांशेजारी टांगावीत, आणि ती तिथल्या नॅशनल गॅलरीत तशी लागलेली आहेत. जो माणूस स्वतः एवढा मोठा, त्याला शेजार हवा होता तो पहाटे उठणाऱ्या क्लोदचा.

आता तुझी लातूरची तक्रार. डोंगर नाहीत म्हणतेस ना? क्लोद रोमला रंगवत होता त्याच काळात हॉलंडमध्ये याकोब रॉइस्डाल रंगवत होता, आणि हॉलंडएवढा सपाट मुलूख शोधून सापडायचा नाही. (दोघंही १६८२ सालीच गेले, हा एक योगायोग.) रॉइस्डालनं आपल्या हार्लेम गावाची चित्रं केली त्यांत क्षितिज अगदी खाली घेतलं, चित्राच्या तीन भागांतले दोन आभाळाला दिले, आणि जमिनीवर ढगांच्या सावल्यांचे पट्टे टाकले. एक पट्टा उन्हात, एक सावलीत, पुन्हा एक उन्हात. त्या पट्ट्यांवरून नजर पायरीपायरीनं पार गावाच्या चर्चपर्यंत जाते. भाद्रपदात सोयाबीनच्या पट्ट्यांवर ऊन-सावली पळते ती तू लहानपणापासून बघतेस. तो देखावा लातूरला रोज फुकट मांडलेला असतो. माझं तर मत असं की डोंगर असले की चित्रकार आळसावतो, डोंगरांच्या रांगा एकामागे एक ठेवल्या की खोली आल्यासारखी वाटते. सपाट माळावर मात्र नुसत्या हवेतूनच खोली आणावी लागते.

आणि अगदीच उंची हवी असेल तर तुझ्या जवळपास काय कमी आहे? उदगीरजवळचं हत्तीबेट आहे, खरोशाच्या लेण्यांची टेकडी आहे. औशाचा किल्ला तर खोलगट जागी बांधलेला, भोवतीची जमीन उंच, त्यामुळं लांबून किल्ला नजरेत भरत नाही आणि बुरुजावरून मात्र दूरवरचं दिसतं. दूरचं दिसणं हा तिथं राखणदाराच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. त्या बुरुजावर पुढच्या सुट्टीत बाबांबरोबर जा आणि नुसती बस. इकडे आलीस की आपण कंधारला जाऊ. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव आहे तिथं, त्याच्या पाण्यात पलीकडचा काठ उलटा पडतो तो खऱ्या काठापेक्षा जरा मऊ आणि जरा काळसर कसा असतो ते दाखवीन. आणि आपली गोदावरी तर आहेच. थंडीत पाणी उबदार आणि वरची हवा गार, म्हणून पहाटे पाण्यावरून वाफ उठते. पैलतीराची झाडं आधी नसतातच, मग डागासारखी येतात, मग हळूहळू त्यांना बुंधे फुटतात. सूर्य वर आला की तासाभरात सगळं संपतं. उन्हं चढल्यावर येऊन म्हणशील की दाखवा, तर काय दाखवू?

आपल्याकडच्या माणसांचीही दोन नावं सांगते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पण परतून कोल्हापुरातच राहिले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि कोटितीर्थ, रंकाळा असा घराभोवतीचाच परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली गेले ते. नवं ठिकाण शोधण्यापेक्षा त्याच तळ्यावर नवी वेळ शोधणारा तो माणूस. दुसरे प्र. अ. धोंड, १९०८ सालचा जन्म, पुढं जे. जे.चे अधिष्ठाता झाले. त्यांची कोकणकिनाऱ्याची जलरंगातली चित्रं बघ. समुद्र, ओली वाळू आणि आभाळ, यांत त्यांनी कितीतरी कागद तसाच सोडलेला असतो, आणि त्या सोडलेल्या कागदातच सगळा समुद्रवारा असतो. त्यांचं ‘रापण’ हे आत्मकथन मी तुझ्यासाठी कपाटात काढून ठेवलंय, पण ते बारावीनंतर. अभ्यास बुडवून चित्र काढलेलं मला चालायचं नाही, हे तुला ठाऊक आहे.

(एक राहिलं. आपल्या मराठवाड्यातच अजिंठा आहे, आणि तिथल्या भिंतींवर ही अशी हवा रंगवलेली नाही. म्हणून ते चित्रकार कमी होते असं चुकूनही मनात आणू नकोस. त्यांना माणसांच्या चेहऱ्यांतली करुणा जवळ आणायची होती, त्यांनी कशाला काही दूर ढकलावं? तू जे शिकते आहेस ती एक रीत आहे, एकमेव रीत नव्हे.)

सामानाविषयी तू विचारलंस. तू पाठवलेली चोवीस रंगांच्या महाग पेटीची यादी मी बाजूला ठेवली, रागावू नकोस. चार नळ्या पुरे: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि लाइट रेड. कॅमलचे घे, १९३१ साली दांडेकरांच्या घराण्यानं सुरू केलेला धंदा तो, आणि ते रंग कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की करडा तयार होतो. निळा जास्त घातला तर तो गार होऊन मागं सरतो, तांबूस जास्त घातला तर ऊब धरून पुढं येतो. या दोन नळ्यांत अख्खं नांदेड-लातूर मावतं. काळ्या रंगाची नळी घेऊच नकोस, ती एकदा पेटीत आली की हात आपोआप तिच्याकडे जातो. कागद मात्र हलका घेऊ नकोस, तिथं काटकसर महागात पडते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद मिळाला तर उत्तम, तो चार तुकड्यांत फाड आणि पाठपोट वापर. ब्रश दोन, एक मोठा, एक मध्यम. बारीक ब्रशनं दूरच्या झाडाला पानं काढायचा मोह होतो, म्हणून तो सध्या माझ्याकडेच राहू दे. आणि पाण्याचे दोन पेले ठेव, एक धुवायला, एक स्वच्छ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तू एवढीशी होतीस, पण घागरी मोजून पाणी वापरलेलं तुला आठवत असेल. ब्रश धुतलेलं पाणी तुळशीत मात्र टाकू नकोस, रंगातली काही द्रव्यं झाडाला चांगली नसतात.

आता काम कसं करायचं ते. पहिले काही आठवडे एकच रंग घे, बर्न्ट सिएना घे हवं तर, आणि कागदाच्या कडेला पाच चौकोन करून त्यात फिक्यापासून गडदपर्यंत पाच पायऱ्या लाव. मग तुझ्या खोलीच्या खिडकीतून जे काही दिसतं, पाण्याची टाकी, गच्च्या, कडुनिंब, मागची इमारत, ते या पाच पायऱ्यांतच बसव. सर्वांत दूरचं सर्वांत फिक्या पायरीवर, आणि पाचवी पायरी फक्त अगदी जवळच्या एखाद-दोन ठिकाणी. एका रंगात खोली आली की समज हात बसला. रंग नंतर येतात आणि ते पाहुण्यांच्या मानानं येतात.

रंगात उतरशील तेव्हा मागून पुढं ये. आधी आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, वर निळसर, खाली येताना त्यात किंचित ऑकर, आणि तो क्षितिजावर थांबवू नकोस, जमिनीच्या जागेवरूनही खाली ओढून घे, म्हणजे आभाळाचा उजेड जमिनीखालून वर येत राहील. मग थांब. इथंच माझ्या लेकराचा जीव वरखाली होतो, हे मला माहीत आहे! विरजण लावलेलं दूध मध्येच हलवून बघायचं नसतं, तसं ओल्या वॉशला पुन्हा ब्रश लावायचा नसतो, तो लागला की डाग उठतात आणि हवा गढूळ होते. वाळलं की नाही हे बोटानं बघू नकोस, हाताची मागची बाजू कागदाजवळ ने. कागद गार लागला तर आत ओल आहे. पुरतं वाळल्यावर सर्वांत दूरची रेघ, भीती वाटेल इतक्या फिक्या रंगानं. पुन्हा वाळू दे. मग मधलं. मग शेवटी पुढचं, तिथं मन मोकळं करून गडद हो. एप्रिलात आपल्याकडे वॉश बघता बघता वाळतो, म्हणून तेव्हा कागद आधी ओला करून घ्यावा लागतो. श्रावणात तो वाळता वाळत नाही, तेव्हा दोन वॉशच्या मध्ये रसायनशास्त्राचं एक प्रकरण वाचून होतं. केस वाळवायच्या यंत्रानं कागद वाळवायचा असं तू एका व्हिडिओत पाहिलंस म्हणे. लेकरा, तो व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहिलास ना? मला एवढीच धास्ती वाटते. तुझ्या शहरात सगळंच घड्याळाला बांधलेलं, पेपर तीन तासांत, प्रश्न एका मिनिटात, आणि ते तिथं योग्यच आहे. ही सवय चित्रावर बसली तर मात्र तू दूरचं आणि जवळचं एकाच दमात उरकशील, आणि पुन्हा तेच विचारशील की टेकडी पुढं का आली.

येळवस जवळ आली आहे. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आपण आत्याकडे औशाला जाणार आहोत, भज्जी, आंबील, उंडे सगळं ती करतेच आहे. बाकीची मंडळी दहा-अकराला शेतात निघतील. तू आणि मी मात्र तांबडं फुटायच्या आत जाऊ, आत्याला तसं फोनवर सांगून ठेवलंय. त्या वेळी गार हवा जमिनीलगत बसलेली असते, म्हणून गावातल्या चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरतो आणि शिवारावर एक पट्टा धरतो. जवारी उभी असेल, हरभऱ्यावर दव असेल, कडब्याची कोप बांधून तयार असेल. कोप आपल्याला डाव्या हाताला पुढं घ्यायची, सर्वांत गडद. मध्ये विहिरीवरची लिंबाची झाडं, त्या मागं धुराचा पट्टा, आणि पट्ट्यावर नुसतंच तरंगणारं गावाचं देऊळ. पहिला उजेड आला की रंगवायला सुरुवात करायची नाही. तो पूर्ण चढेपर्यंत फक्त बघायचं आणि पेन्सिलीनं कडेला पायऱ्यांचे आकडे लिहून ठेवायचे, एक, दोन, तीन. रंगवायचं ते दुपारी, पंगत उठल्यावर, कोपीच्या सावलीत बसून, त्या आकड्यांवरून आणि आठवणीवरून. क्लोदही घरी जाऊनच रंगवायचा की.

बाबांबरोबर मध्यम ब्रश आणि हातकागदाचे काही तुकडे पाठवते आहे. ब्रश वापरून झाला की धुऊन, ओठांनी नव्हे, बोटांनीच टोक करून आडवा वाळव, मग उभा ठेव. स्वेटर घालत जा, पहाटे लातुरात गारठा असतो. आणि तुझ्या खिडकीतून पूर्वेला सर्वांत दूर काय दिसतं, आणि ते उजाडताना कोणत्या रंगाचं असतं, ते पुढच्या पत्रात मला लिहून कळव.

तुझी,
आजी